सावलीत वाळत घातलेल्या कॅसेटी

मात्सुबा एफएमकडून उल्हासला काय काय मिळायचं होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे त्याची कीव येईल तेव्हा वाचणाऱ्याचा हात जरा आखडता राहील.

सगळ्यात मोठी गोष्ट जामीन. जपानात परक्या माणसाला घर भाड्यानं हवं असेल तर इथल्या कुणा वजनदार माणसाचा शिक्का करारावर लागतो. भाडं थकलं, भिंतीला खिळा ठोकला, फोडणीच्या वासानं वरचा शेजारी वैतागला, की मालक त्या शिक्केवाल्याला धरतो. उल्हासला धातूंवर संशोधन करायला सेंदाईच्या विद्यापीठात आणणारे प्रोफेसर निवृत्त झाले आणि आपल्या गावी शेतात मुळा लावायला निघून गेले. शिक्का मारायला कुणी उरलं नाही. तेव्हा मात्सुबा एफएमचे मालक किकुची-सान पुढे आले. त्यांनी काही विचारलं नाही. नुसती शिक्क्यावर फुंकर मारली आणि तो दाबला. करार दर दोन वर्षांनी नवा होतो, आणि प्रत्येक वेळी तो शिक्का पुन्हा लागतो.

त्याशिवाय शनिवारची ऊबदार खोली होती, गरम चहा होता, आणि आपण बोलत असताना कुणीतरी ऐकून घेतंय हे सुख होतं, जे घरी क्वचितच वाट्याला यायचं. शिवाय गावात नाव. सेंदाईपासून रेल्वेनं पाऊण तासावरच्या त्या गावात ‘रेडिओवाले उल्हास-सान’ म्हटलं की भाजीवाली पिशवीत एखादा कांदा जास्तीचा टाकायची.

बदल्यात द्यायचं काय, तर शनिवारी अर्धा तास अमेरिकन कंट्री गाण्यांची नावं इंग्रजीत वाचायची. त्या गाण्यांतलं त्याला काही कळत नव्हतं. तो मिरजेचा. सतारी बनवणाऱ्यांच्या दुकानांवरून शाळेत गेलेला. स्टील गिटार पहिल्यांदा ऐकल्यावर तो किकुची-सानना म्हणाला होता, की याला आमच्याकडे मींड म्हणतात. किकुची-सान इतके खूश झाले की पुढचा महिनाभर ते प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, हे संगीत भारतातूनच टेक्सासला गेलं असणार. उल्हासनं त्यांना दुरुस्त केलं नाही. जामीनदाराला कोण दुरुस्त करतो?

किकुची-सान मूळचे तातामी करणारे. जमिनीवर अंथरायच्या गवताच्या त्या जाड चटया. पोरवयात ते युद्धानंतरच्या अमेरिकन छावणीत बर्फाच्या लाद्या पोचवायचे. तिथल्या रेडिओवर बॅंजो ऐकला आणि लादी पायावर पाडून घेतली, असं ते सांगत, आणि अंगठा दाखवत. ऐंशीच्या दशकात इथे विनापरवाना चालवता येतील असे इवलेसे रेडिओ निघाले. मग त्यांनी कारखान्याच्या माडीवर एक यंत्र बसवलं. आवाज एका बाजूला न्हाव्याच्या दुकानापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला देवळाच्या कमानीपर्यंत जायचा. त्यापलीकडच्या माणसाला ऐकायचं असेल तर त्यानं चालत जवळ यावं. चटयांच्या कडा शिवणाऱ्या ओनोदेरा-सान या बाई, त्या न्हाव्याचीच बहीण, सुई बाजूला ठेवून माइकसमोर बसायच्या आणि गल्लीतल्या बातम्या सांगायच्या. मधूनमधून किकुची-सान स्वतः गायचे. शब्द कळत नसले तरी दुःख बरोबर जागेवर पडायचं.

पुढे सरकारनं गावोगावच्या छोट्या केंद्रांना रीतसर परवाने द्यायला सुरुवात केली. १९९३ साली मात्सुबा एफएमला परवाना मिळाला. भूकंपाच्या सूचना देता याव्यात म्हणून गावच्या कचेरीनंही हातभार लावला. केंद्र रेल्वे स्टेशनजवळ औषधांच्या दुकानावर गेलं. सकाळी ओनोदेरा-सानचा कार्यक्रम: हवा, दवाखान्याचे वार, कचऱ्याचे वार. मग दिवसभर बॅंजो. ईशान्य जपानच्या भातशेतीत कंट्री संगीताचं हे एकमेव ठाणं आहे असं किकुची-सानचं म्हणणं होतं, आणि ते तपासायला कुणी गेलं नव्हतं.

जुन्या माडीवरचे सगळे कार्यक्रम किकुची-साननी कॅसेटवर भरून ठेवले होते. साध्यासुध्या नव्हे, मेटल टेपच्या कॅसेटी, दुकानातल्या सगळ्यात महाग. ही खोकी अजून जुन्या कारखान्यातच होती. पावसाळा संपला की जपानी घरांत जपून ठेवलेल्या वस्तू सावलीत वाऱ्यावर ठेवतात, बुरशी धरू नये म्हणून. कपडे, पुस्तकं, चित्रं. १९९७च्या उन्हाळ्यात ओनोदेरा-साननी ती खोकी कारखान्याच्या पागोळीखालच्या बाकावर काढून ठेवली, झाकणं उघडून, आणि त्या आपल्या सकाळच्या कार्यक्रमाला गेल्या.

त्याच सकाळी मोठ्या कचऱ्याचा दिवस होता.

मोठ्या कचऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण उल्हासचा संसार त्यातून उभा राहिला होता. जपानी माणूस नवा टीव्ही घेतो तेव्हा जुना चालू असतानाच बाहेर ठेवतो. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या कोपऱ्यावर कपाटं, शेगड्या, शिवणयंत्रं ओळीनं उभी राहतात, आणि गाडी येण्याआधी जो पोचेल त्याची होतात. पुण्याहून आलेली त्याची बायको रेखा पहिल्यांदा लाजली होती. दुसऱ्या महिन्यात ती उल्हासला उठवून पाठवू लागली. टीव्ही, जेवायचं टेबल, आठ वर्षांच्या मुलीचं, तन्वीचं, अभ्यासाचं डेस्क, सगळं त्या कोपऱ्यांवरून आलेलं. मिरजेत कुणाच्या अंगणातली काडी न उचलणारा उल्हास इथे सायकलच्या कॅरियरवर सतरंजी बांधून गस्त घालायचा. या कामात आपल्याला नजर आहे असा त्याला अभिमान होता.

त्या दिवशी त्या नजरेला बाकावरची खोकी दिसली. कचऱ्याचा ढीग भिंतीच्या टोकाला होता आणि बाक त्यापासून चार पावलं अलीकडे. हे त्यानं पाहिलं. पाहिलं आणि ठरवलं की जपानी माणूस कचरासुद्धा बाकावर बसवून निरोप देतो. हा कारखाना कुणाचा हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं फक्त नवं केंद्र पाहिलं होतं. कॅसेटीवर ‘मेटल’ लिहिलेलं मात्र त्याला लांबूनच वाचता आलं. धातूवर पोट असलेला माणूस.

घरी रेखा खूश झाली. मिरजेला फोन करणं महागात पडायचं, म्हणून ती आणि उल्हास सासूबाईंना, लीलावतीबाईंना, कॅसेटवर बोलणं भरून पाठवायचे. साध्या कॅसेटींवरचं बोलणं तिकडे पोचेपर्यंत खरखरायचं. रेखानं एक कॅसेट हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“अहो, याच्या खिट्ट्या तोडल्यात. सगळ्यांच्याच. कुणीतरी जपून ठेवलेलं दिसतंय.”

कॅसेटच्या पाठीवर दोन बारीक प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात. त्या मोडल्या की त्यावर पुन्हा काही भरता येत नाही. पुसू नये असं ज्याला वाटतं तो मोडतो.

“जपून ठेवलेलं कुणी रस्त्यावर ठेवतं का?” उल्हास म्हणाला, आणि सेलोटेपचा तुकडा दातानं तोडून त्यानं भोकावर चिकटवला. सेलोटेप लावला की पुन्हा भरता येतं. पुण्यात हॉस्टेलवर राहिलेल्या कुठल्याही माणसाला हे माहीत असतं.

भरण्याआधी त्यानं ऐकून पाहिलं नाही. ऐकलं असतं तर दोन्ही आवाज त्याला लगेच ओळखू आले असते. म्हणूनच आपण ऐकलं नसेल का, असं पुढे त्याला वाटायला लागलं. तेव्हा वाटलं नव्हतं. मग एकामागून एक कॅसेटी तन्वीच्या शुभंकरोतीनं, रेखाच्या शेजारणींबद्दलच्या तक्रारींनी आणि उल्हासच्या ‘तब्येतीला जप’नं भरल्या आणि पाकिटांतून मिरजेला गेल्या.

इकडे ओनोदेरा-सान दुपारी परतल्या तर बाक रिकामा. खोकी नव्या केंद्रात हलवायची हे आधीच ठरलेलं होतं, तेव्हा किकुची-सानच्या मुलानं येऊन नेली असतील असं त्यांनी गृहीत धरलं. विचारलं नाही. त्यांची चूक म्हणाल तर एवढीच.

वर्ष संपताना किकुची-साननी जाहीर केलं की येत्या वर्षी परवान्याला पाच वर्षं होताहेत, तर केंद्राचा इतिहास सांगणारा मोठा कार्यक्रम करू. गावच्या कचेरीतला माणूस आणि जाहिराती देणारे दोघे दुकानदार शनिवारी केंद्रात बसले होते. उल्हासही होता, चहाच्या कपावर हात शेकत. परवान्याच्या वेळी या कचेरीतल्या माणसाला मासे खाऊ घालून आपल्या मुलानं कसं वळवलं याची गोष्ट किकुची-सान रंगवून सांगत होते. मग त्यांनी सहज जुनी खोकी आणायला सांगितलं. मुलगा म्हणाला, मी कुठे आणली? सगळ्यांनी ओनोदेरा-सानकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत गेला, आणि उतरता उतरता त्यांच्या डोक्यात हिशेब जुळत गेला: ती सकाळ, तो बाक, ती कचऱ्याची गाडी.

“धातूच्या फितीच्या होत्या,” किकुची-सान कुणालाही उद्देशून नव्हे असं म्हणाले. “खिट्ट्या मी स्वतः मोडल्या होत्या.”

उल्हासच्या हातातला कप एकदम गरम लागायला लागला.

इथे बोलायला जागा होती. अगदी ऐसपैस जागा होती. चार वाक्यं पुरेशी होती, आणि त्याचं जपानी तेवढ्यापुरतं पुरेसं होतं. पण घराचा करार फेब्रुवारीत नवा व्हायचा होता. शिक्का त्याच खोलीतल्या टेबलाच्या खणात होता, आणि तो खण उल्हासला बसल्या जागेवरून दिसत होता. चोराला जामीन कोण राहील, हे त्यानं मनात मराठीतच म्हटलं आणि चहाचा घोट घेतला.

तोवर ओनोदेरा-सान खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसल्या होत्या. कपाळ चटईला टेकवून त्या म्हणाल्या की हे सगळं माझ्या हातून झालं. त्यांना कुणी थांबवलं नाही. तशी इथली पद्धत नाही. किकुची-साननी डोळे मिटले आणि थोड्या वेळानं मान हलवली. मान हलवली म्हणजे झालं. पुढच्या आठवड्यात ओनोदेरा-साननी सकाळचा कार्यक्रम सोडला आणि त्या भावाच्या दुकानात टॉवेल धुवायला जायला लागल्या. गावात सगळ्यांना ते योग्य वाटलं आणि कुणालाच बरं वाटलं नाही.

सकाळच्या कार्यक्रमाला माणूस हवा होता. तो उल्हासला देण्यात आला.

त्यानं नाही म्हणून पाहिलं. पण जामीनदाराला नाही म्हणण्यात त्याचं कौशल्य कधीच नव्हतं. तेव्हा प्रयोगशाळेत जाण्याआधी रोज सकाळी तो हवा सांगायला लागला, दवाखान्याचे वार सांगायला लागला, आणि कुठल्या गल्लीत आज कुठला कचरा बाहेर ठेवायचा तेही. परदेशी माणूस अडखळत, मनापासून कचऱ्याचे वार सांगतो याचं गावाला इतकं कौतुक वाटलं की भाजीवालीचा एक कांदा दोनवर गेला. उल्हास ते कांदे घरी आणायचा. कॅसेटी कुणाच्या होत्या ते रेखाला सांगायचा नाही. मग एकदा सांगितलं.

तिनं भाजी चिरणं थांबवलं. तिचा पहिला प्रश्न ‘कुणाच्या’ असा नव्हता, ‘किती राहिल्यात’ असा होता. घरात एकही राहिली नव्हती. तेव्हा महागाईचा विचार बाजूला ठेवून त्यांनी मिरजेला फोन लावला.

लीलावतीबाईंचा आवाज नेहमीसारखा खणखणीत. कॅसेटी? त्या होत्या की. पण भजनी मंडळाच्या बायकांना नव्या चाली बसवायच्या होत्या, आणि फिती एवढ्या चांगल्या, वाया कशाला घालवायच्या. तुमचं बोलणं ऐकून झालं होतं रे. सेलोटेप तूच लावून दिला होतास, बरं पडलं. उल्हासनं कपाळ भिंतीला टेकवलं. वस्तू वाया न घालवण्याचा गुण कुणाकडून आला हा प्रश्न त्याला आयुष्यात पडला नव्हता, तरी उत्तर मिळालं.

“एक ठेवलीय मात्र मी,” आई म्हणाली. “ती कुणाला दिली नाही. तुम्हा सगळ्यांचं बोलून झालं ना, की शेवटी एक माणूस गातो. आणि मग एक बाई भरभर काहीतरी सांगते आणि हसते. मला वाटलं तुझी शेजारीण. गोड हसते रे. मी दुपारी लावते कधीतरी.”

ती कॅसेट मेतकुटाच्या पुडीबरोबर टपालानं आली. तन्वीची बडबड, रेखा, उल्हास, मग एक खट्ट आवाज. आणि मग किकुची-सानचा, आजच्यापेक्षा भरदार, गळा कुठल्याशा गाण्याच्या शेवटच्या ओळीवर, आणि लगोलग ओनोदेरा-सान. गाणं आणि बोलणं मिळून एका चहाच्या घोटाएवढं. मात्सुबा एफएमचा इतिहास तेवढा उरला होता.

सोमवारी न्हाव्याची दुकानं बंद असतात. उल्हास दुपारी तिथे गेला. ओनोदेरा-सान एकट्याच टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. कोपऱ्यात रेडिओ-कॅसेटचा डबा होता, ज्यातून त्या रोज सकाळी उल्हासला कचऱ्याचे वार सांगताना ऐकत असणार. हा विचार त्याला दारातच सुचला, आणि तो दारातच थोडा वेळ उभा राहिला. मग आत येऊन त्यानं सगळं सांगितलं. बाक, सायकल, सेलोटेप, मिरज. त्यानं जमिनीवर बसून कपाळ टेकवायचाही प्रयत्न केला. पण दोन खुर्च्यांमध्ये जागा कमी होती आणि त्याला ते नीट जमलं नाही.

त्यांनी हात पुढे केला, त्यानं खिशातून काढलेली कॅसेट घेतली आणि डब्यात घातली.

आधी तन्वी. ती आजीला सांगत होती की बाबांनी मला डेस्क आणलं, रस्त्यावरून, फुकट. काय म्हणते मुलगी, असं ओनोदेरा-साननी विचारलं, आणि उल्हासला त्याचं भाषांतर करावं लागलं. मग खट्ट. मग गाणं. मग त्यांचा स्वतःचा आवाज, तरुण, धापा टाकत: काल संध्याकाळी सार्वजनिक स्नानगृहातून ज्यांनी चुकून दुसऱ्याची छत्री नेली असेल त्यांनी ती परत आणून ठेवावी, कोणी नेली ते कुणी विचारणार नाही. आणि हसू. का हसल्या होत्या देव जाणे.

“किती भरभर बोलायचे मी,” ओनोदेरा-सान म्हणाल्या. मग म्हणाल्या, “छत्री आली होती परत.”

“मी आज किकुची-सानना सांगतो,” उल्हास म्हणाला.

“शिक्का मारून झाला का?”

“अजून नाही. पुढच्या आठवड्यात.”

“मग नका सांगू.” त्यांनी घडीचा टॉवेल उलगडला आणि पुन्हा घातला. “मी एकदा डोकं टेकवलंय. मालकांनी ते घेतलंय. आता तुम्ही जाऊन टेकवलंत, तर माझं त्यांनी उगाच घेतलं असं होईल. मग माझी माफी मागायला त्यांना माझ्यासमोर जमिनीवर बसावं लागेल. त्यांचे गुडघे बघितलेत ना तुम्ही? आणि तुमची मुलगी लहान आहे.”

उल्हासनं नको नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय. मत त्यांचं होतं, सोय त्याची होती. त्यानं मान खाली घातली, आणि ती लाजेनं खाली गेली की होकारानं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

ओनोदेरा-साननी भावाच्या डब्यावर फक्त शेवटचा तुकडा दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतला आणि आपल्या घरच्या कपाटात सापडला म्हणून केंद्रात पाठवून दिला. इतिहासाच्या कार्यक्रमात तो लागला. लावायचं काम अर्थातच उल्हासकडे होतं. किकुची-सान स्टुडिओच्या काचेपलीकडे उभे होते. स्वतःच्या गाण्याला त्यांनी तोंड वाकडं केलं. छत्रीचं ऐकून ते हसले. आणि हसू संपल्यावर रिकाम्या स्पीकरकडे बघून त्यांनी हळूच मान लववली. ओनोदेरा-सानना मात्र परत बोलावलं नाही. जे घेतलं ते परत देता येत नाही, निदान त्यांच्या पद्धतीत. करारावर शिक्का आधीच पडला होता. या खेपेलाही त्यांनी फुंकर मारूनच दाबला होता.

तर आता मांडायचं ते एवढंच. किकुची-सानची माडीवरची सगळी वर्षं गेली, आणि ती कचऱ्याच्या गाडीनं नेली असंच त्यांना वाटत राहिलं. मिरजेच्या आईची दुपारची गोड हसणारी शेजारीण गेली. आईला उल्हासनं कारण कळवलं नाही. उल्हासच्या बाजूला जामीन राहिला, ऊब राहिली, नाव राहिलं, वर सकाळचा कार्यक्रम आणि दुसरा कांदा. महिन्यातून एकदा मोठ्या कचऱ्याचा दिवस येतो तेव्हा ती ओळ वाचताना तो मध्येच थांबतो. तेवढंच काय ते त्यानं भरलं, आणि तेही ऐकणारे त्याच्या कच्च्या जपानीवर घालतात. बाकीचं सगळं ओनोदेरा-साननी भरलं, आणि वर घड्या घालायला टॉवेल होतेच.